जेल पॅड की लोकरीचा नमदा? नागपूरच्या उन्हाळ्यापुरतं माझं मत

खोगिराचा सांगाडाच अरुंद असेल तर खोगिराखाली घालायच्या या दोन्हींपैकी, म्हणजे जेलची गादी किंवा दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा, काहीच घेऊ नका. घट्ट बुटात जाड मोजा घातल्यासारखं होतं, खांद्याजवळचा दाब उलट वाढतो. खोगीर किंचित रुंद असेल किंवा त्याची भरती दबली असेल, तर मात्र पॅडने सावरतं. खरा इलाज भरती नव्याने करून घेण्याचा, पण मला तसा कारागीर इथे सापडला नाही. माझं खोगीर कानपुरी, घोडी काठेवाडी. तिचं अंग जरा उतरलं की खोगीर पुढून टेकायचं.

मी आधी जेल पॅड घेतला, आणि थंडीभर त्याच्याबद्दल एकही तक्रार नव्हती. दुडकीतले धक्के कमी झाले, माझ्या कमरेलाही फरक जाणवला. हिंगण्याकडे तासभर फिरून आल्यावर खोगीर काढलं की पाठ सगळीकडे सारखी ओली असायची. मध्येच कोरडा चट्टा दिसला की तिथे दाब पडतोय असं मी धरतो. तसा एकही नव्हता.

मग एप्रिल आला. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, म्हणून आम्ही साडेपाचला निघून सातच्या आत परततो. तरीही एका सकाळी खोगीर उतरवताना सईस म्हणाला, "भाऊ, हात ठेवून पाहा न जी, पाठ तव्यावानी तापली हाय." खरंच तापली होती. घोडं घामावाटे अंग थंड करतं, तो घाम वाळायला वारा लागतो, आणि जेलमधून वारा जात नाही. आठवड्याभरात खोगिराखाली घामोळ्यांसारखे बारीक फोड आले. डॉक्टरांनी मलम दिलं आणि काही दिवस खोगीर बंद.

नंतर जेलखाली सुती कापड घालून पाहिलं. ते घामाने भिजून गोळा व्हायचं, खोगीर मागे सरकायचं, म्हणून तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आणखी आवळावा लागायचा. इथेच माझं मन उडालं. पूर्वी शांत उभी राहणारी घोडी तंग हातात घेताच कान मागे टाकायला लागली. तिची ती नाराजी मला रोज पाहवेना.

नमदा बोटभर जाड घेतला. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओल पिऊनही हाताला कोरडी लागते, हे मी वाचलं होतं. पाठीवर हात ठेवल्यावर पटलं. शिवाय नमदा कापता येतो. पुढच्या बाजूला एक पट्टी टाचून मी खोगिराचा तोल साधला. जेलची जाडी जी आली ती आली.

नमद्याची निगा मात्र राखावी लागते. पावसाळ्यात भिजला तर दोन-दोन दिवस वाळत नाही, केस ब्रशने रोज काढावे लागतात, गरम पाण्यात धुतला तर आटतो आणि कपाटात ठेवला तर कसर लागते. जेल पॅड ओल्या फडक्याने पुसला की झालं. नवशिका स्वार पाठीवर आदळत असेल, किंवा तुमची फेरी वीस-पंचवीस मिनिटांचीच असेल, तर जेल वाईट नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मीही अधूनमधून तोच काढतो.

काहीही घ्या, तंग आवळण्याआधी पॅड मधोमध वर ओढून खोगिराच्या पन्हळीत बसवा, नाहीतर तो कण्यावर ताणला जातो. आणि महिन्याभराने खोगीर पुन्हा तपासा, नमदा दबून पातळ होतो.

नमदा आल्यावर तिसऱ्या आठवड्यात घोडी तंग बांधून होईपर्यंत कडबा खात उभी राहिली.