ओपनबीसीआय सायटन: कृत्रिम हात चालवायला पुरतो का?

सायटन हा टाळूवरून मेंदूचे विद्युत संकेत टिपणारा बोर्ड. बोर्डाबद्दल फारशी तक्रार नाही. आठ चॅनेल, संकेताचे आकडे करणारी एडीएस१२९९ ही २४ बिटांची चिप, सेकंदाला २५० नमुने. टाळूवर मिळणारा मेंदूचा संकेत जेमतेम काही दहा मायक्रोव्होल्टचा असतो, तो ही चिप व्यवस्थित पकडते. खरी कसरत डोक्यावर सुरू होते.

हात हलवल्याची नुसती कल्पना केली तरी मेंदूच्या विरुद्ध बाजूची म्यू लय (८ ते १३ हर्ट्झची विद्युत लहर) दबते. म्हणून उजव्या हातासाठी सी३ (टाळूच्या डाव्या बाजूला) आणि डाव्यासाठी सी४ (उजव्या बाजूला) या जागा हव्यातच. केस नीट बाजूला सारा, त्वचा हलकेच घासा, मग वीजवाहक पेस्ट भरलेला गोल्ड कप (वाटीसारखा इलेक्ट्रोड) दाबून बसवा. एका कानाच्या पाळीवरची तार खालच्या एसआरबी (संदर्भाच्या) पिनला, दुसऱ्या पाळीवरची बायस (गोंगाट कमी करणाऱ्या) पिनला. स्क्रीनवर चॅनेल ‘रेल्ड’ (संकेत मोजण्याच्या मर्यादेला टेकलेला) दिसला तर आधी पेस्ट सुकली का, तार सुटली का ते बघा. फिल्टर लावून तो सुधारत नाही.

सगळ्यात जास्त फसवतो तो जबडा. दात आवळले की स्नायूंचा संकेत मेंदूच्या संकेताला सहज गिळतो आणि कृत्रिम हात झकास मिटतो! कल्पना करताना ३० हर्ट्झच्या वरही उसळी दिसली, तर श्रेय मेंदूला देऊ नका.

विंडोजवर डाँगलच्या (बोर्डाचा डेटा बिनतारी घेणाऱ्या यूएसबी रिसीव्हरच्या) ड्रायव्हरचा लेटन्सी टाइमर १६ मिलिसेकंदांचा असतो, तो १ करा. तरी म्यूची ताकद मोजायला अर्ध्या-एक सेकंदाचा डेटा लागतोच, तेवढा उशीर गृहीत धरायचा. डेझी हा जोडबोर्ड लावल्यास १६ चॅनेल मिळतात, पण वायरलेसवर वेग सेकंदाला १२५ नमुन्यांवर येतो. बोर्ड फक्त बॅटरीवर चालवा, अंगाला तारा लावलेल्या असताना चार्जर नको. कृत्रिम हात हलवणाऱ्या सर्वो मोटारींना वेगळी बॅटरी द्या, नाहीतर प्रत्येक हालचालीचा झटका थेट संकेतात उतरतो.

एवढं सगळं जमल्यावर पदरात पडतं ते मिटणं आणि उघडणं, तेही सरावानंतर. बोटं वेगवेगळी हलवण्याची आशा यावर धरू नये. २०१२ मध्ये ब्रेनगेट या संशोधन प्रकल्पाच्या प्रयोगात पक्षाघात झालेल्या महिलेने यांत्रिक हाताने कॉफीची बाटली तोंडाशी नेली, पण तिच्या मेंदूतच ९६ चॅनेलचा इलेक्ट्रोड बसवलेला होता.

कोपराखालचा हात थोडा तरी शिल्लक असेल तर डोक्यावरचे इलेक्ट्रोड बाजूला ठेवा. हाच बोर्ड, गेन (संकेत वाढवण्याचं प्रमाण) कमी करून, उरलेल्या स्नायूंवर लावा. स्नायूंच्या पूर्ण संकेताला २५० नमुने अपुरे आहेत, पण उघड-मीट करायला त्याची नुसती चढ-उतार पुरते.