पित्ताशय काढल्यानंतरच्या ऑक्स बाइल कॅप्सूल: कोणाला उपयोगी, कोणाला त्रासदायक

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर स्निग्ध जेवण झाले की माझे पोट तासन्तास जड राहत असे आणि शौचास फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारे होत असे, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने मी गुरांच्या पित्तापासून बनवलेल्या या कॅप्सूल सुरू केल्या. मला त्यांचा गुण आला. तरीही पित्ताशय नसलेल्या प्रत्येकाला त्यांची गरज असते, हा जाहिरातींतला दावा मला मुळीच पटत नाही.

यकृत पित्त तयार करतच असते. पित्ताशय ते साठवून दाट करते आणि स्निग्ध अन्न आले की एकदम सोडते. ते काढल्यावर पित्त आतड्यात सतत झिरपत राहते व जड जेवणाच्या वेळी कधी कधी अपुरे पडते. बहुतेकांचे शरीर या बदलाला सरावते. ज्यांचे सरावत नाही, त्यांची उणीव भरून काढणे एवढेच या कॅप्सूलचे काम असल्याने ती जेवणासोबतच घ्यावी. मला १२५ मिलिग्रॅमची एक कॅप्सूल पुरते, तीही फक्त स्निग्ध जेवणाला. तेलकटपणा गेला आणि जडपणा पुष्कळ ओसरला. मात्र या उपयोगावर मोठ्या वैद्यकीय चाचण्यांचा आधार तुटपुंजाच आहे, हे डबीवर कोणी छापत नाही.

खरा धोका वेगळाच आहे. शस्त्रक्रियेनंतर काहींना जेवताच घाईने, पातळ शौचास होते. त्यांच्या मोठ्या आतड्यात पित्ताम्ले, म्हणजे पित्तातले स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करणारे घटक, आधीच जास्त उतरत असतात. तिथे ही कॅप्सूल घेतली तर जुलाब वाढतात. त्यांना याउलट पित्ताम्ले बांधून ठेवणारे कोलेस्टायरामीनसारखे औषध डॉक्टर देतात. म्हणून आपली तक्रार नेमकी कोणती, हे डॉक्टरांकडून ठरवून घेतल्याखेरीज डबी विकत घेऊ नये. कावीळ, ताप किंवा उजव्या बरगडीखाली तीव्र कळ असेल, तर पित्तनलिकेत खडा अडकलेला असू शकतो. अशा वेळी कॅप्सूलच्या नादी न लागता तातडीने रुग्णालय गाठावे. काही खडे विरघळवण्यासाठी दिले जाणारे अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल हेही पित्ताम्लच, पण ते वेगळे औषध आहे. एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

लेबलावर ऑक्स बाइलच्या वजनाखाली कोलिक आम्ल या पित्ताम्लाचे प्रमाणही दिलेले असेल, तर ती डबी मी पसंत करते, कारण नुसत्या वजनावरून आत पित्ताम्ल किती आहे हे कळत नाही. भुकटी अतिशय कडू असते, त्यामुळे कॅप्सूल अख्खीच गिळावी. आणि ‘शाकाहारी कॅप्सूल’ ही अक्षरे फक्त वरच्या आवरणाला लागू असतात. आतले पित्त प्राण्याचेच असते.