माझ्दा एमएक्स-५ मिआटा: काही महिने रोज चालवल्यानंतर

एमएक्स-५ मिआटा ही उघडणाऱ्या छताची, दोनच सीटांची छोटी स्पोर्ट्स कार. तिचं नाव काढलं की पहिला प्रश्न हॉर्सपॉवरचा येतो. उत्तर आहे १८१. ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो, कारण इथे कॅलिफोर्नियात मुलांना शाळेत सोडणाऱ्या एसयूव्हीसुद्धा याहून ताकदवान असतात. मग मी वजन सांगतो: जेमतेम १,०६५ किलो. या गाडीत जे काही आहे ते या दुसऱ्या आकड्यामुळे आहे, आणि इतके महिने चालवून माझं हे मत आणखी पक्कं झालंय.

गेल्या उन्हाळ्यात मी २०२३ ची ‘क्लब’ नावाची आवृत्ती सेकंडहँड घेतली. कापडी छत, सहा गिअरची मॅन्युअल. तेव्हापासून ऑफिस, बाजारहाट आणि रविवारचे डोंगर, सगळं हिच्यातूनच. घरात दुसरी मोठी गाडी आहे हे आधीच सांगतो, कारण ती नसती तर मी वेगळं लिहिलं असतं.

वजन कमी असलं की बाकीचं सगळं लहान ठेवता येतं. टायर २०५ चे पुरतात, ब्रेक छोटे चालतात, क्लच हलका राहतो, सस्पेन्शन दगडासारखं कडक करावं लागत नाही. बॉनेट, डिकीचं झाकण, पुढचे फेंडर अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. लांबी ३.९ मीटरच्या थोडी वर, म्हणजे आपल्याकडच्या बलेनोपेक्षाही आखूड. आणि रिअर व्हील ड्राइव्ह आपल्याला काही नवीन नाही. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, ओम्नी, सगळ्या मागच्याच चाकांवर चालायच्या. इथे इंजिन पुढच्या अ‍ॅक्सलच्या मागे सरकवून वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं केलंय, आणि गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) एक लांब फ्रेम घातलीय. त्यामुळे पाय दाबला की मधे कुठे ढिलेपणा नाही, ताकद तडक मागच्या चाकांना. पुढच्या चाकांनी फक्त वळायचं.

वुडसाइड गावाहून हायवे ८४ धरून स्कायलाइन या डोंगरमाथ्यावरच्या रस्त्याकडे चढताना हे सगळं हाताला आणि पाठीला कळतं. रेडवूडच्या दाट सावलीतला अरुंद रस्ता, एकामागून एक वळणं, पाट्यांवर वेगमर्यादा २० मैल, २५ मैल. वळणाआधी ब्रेक लावला की नाक किंचित खाली जातं. तिसऱ्यावरून दुसरा टाकायचा; गिअर लिव्हरचा प्रवास इतका छोटा की नुसतं मनगट हलतं आणि खट्‌कन गिअर पडतो. स्टिअरिंग वळवलं की गाडी आधी एका अंगावर कलते, मग बाहेरचं मागचं चाक भार घेतं, आणि तो भार घेतल्याचं तुम्हाला सीटमध्ये जाणवतं. तिथून अ‍ॅक्सिलरेटर जरा सोडला तर नाक आत येतं, जरा दिला तर गाडी मागून ढकलत बाहेर काढते. हे सगळं ताशी ५०-६० किलोमीटरला. मोठ्या ताकदीच्या गाड्यांमध्ये ही मजा यायला लागते तोवर तुम्ही लायसन्स जाण्याच्या वेगाला पोचलेले असता.

हे कलणं हा मिआटावाल्यांमधला कायमचा वाद. बरेच जण गाडी घेतल्या घेतल्या खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि जाड स्वे बार (कलणं कमी करणाऱ्या सळया) टाकतात. क्लबमध्ये बिलस्टीन कंपनीचे डँपर (झटके शोषणारे भाग) आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक मोकळं फिरत राहू न देणारं) कंपनीतूनच येतं, तरी ती कलतेच. माझं मत स्पष्ट आहे: रस्त्यावर चालवणार असाल तर निदान वर्षभर हात लावू नका. भार कुठून कुठे चाललाय हे ते कलणंच सांगतं, आणि ते वाचता यायला लागलं की तुमचं ड्रायव्हिंग सुधारतं. २०२२ पासून यात एक छान युक्तीही आहे. जोरात वळताना आतल्या मागच्या चाकाला अगदी हलका ब्रेक लागतो आणि त्यामुळे मागची बाजू उचलली जात नाही. त्यासाठी एक ग्रॅमही वजन वाढवलेलं नाही, सगळं सॉफ्टवेअरमध्ये.

इंजिन दोन लिटरचं, टर्बो नाही. २०१९ मध्ये आतले भाग हलके करून रेडलाइन, म्हणजे इंजिन फिरवण्याची कमाल मर्यादा, ६,८०० वरून ७,५०० आरपीएमवर नेली. त्याआधीची १५५ हॉर्सपॉवरची मीही चालवून पाहिली होती. ती वाईट नाही, पण वरच्या टोकाला दम सोडायची. ही शेवटपर्यंत ओढते. दुसरा गिअर मात्र लांब आहे, रेडलाइनला ताशी १०० किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर तो पूर्ण ताणायची संधी क्वचितच मिळते.

ती मिळते ऑटोक्रॉसला, म्हणजे कोनांमधून वेळ मोजून गाडी चालवण्याच्या स्पर्धेत. जुन्या धावपट्टीवर कोन मांडलेले असतात आणि जवळपास सगळा फेरा दुसऱ्या गिअरमध्येच होतो. माझ्या पाठोपाठ दुप्पट ताकदीच्या गाड्या होत्या. दुपारपर्यंत त्यांचे टायर कडा खाऊन बसले होते, माझे होते तसेच. स्वस्त स्पोर्ट्स कार म्हणताना लोक विकतची किंमत बघतात; नवी बेसिक मिआटा साधारण ३० हजार डॉलर्सच्या आत-बाहेर येते. पण टायर, ब्रेक पॅड आणि पेट्रोल यांवर दर महिन्याला जे वाचतं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ईपीए या अमेरिकी सरकारी संस्थेचा सरासरी आकडा गॅलनला २९ मैल आहे आणि माझी गाडी ऑफिसच्या रस्त्यावर त्याहून थोडं जास्तच देते.

आता रोजचं. डिकी १३० लिटरची. इंडियन स्टोअरमधून कणकेची पिशवी, भाजी आणि दुधाचे दोन कॅन आरामात येतात. तांदळाचं मोठं पोतं शेजारच्या सीटवर, बेल्ट लावून, नाहीतर गाडी बीप करत राहते. ग्लव्ह बॉक्स नाहीच. कागदपत्रं दोन सीटच्या मधे, मागच्या कप्प्यात. कप होल्डर कोपराच्या मागे, गिअर बदलताना हमखास आडवे येणारे. मी ते काढूनच ठेवलेत. स्टेपनीही नाही, पंक्चरचं किट मिळतं.

फ्रीवेवर आवाज आहे, आणि तो चांगलाच आहे. सहाव्या गिअरमध्ये ७० मैलांना इंजिन पावणेतीन हजारांवर फिरतं, त्यात वाऱ्याचा आणि शेजारच्या ट्रकच्या चाकांचा घोंगाट. १०१ नंबरच्या फ्रीवेवरून आईशी फोनवर बोलताना प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागतं. रोज फ्रीवेवरच तास-दीड तास जाणार असेल तर टणक छताची आरएफ ही आवृत्ती बघा, ती थोडी शांत आहे. पण वजन वाढतं आणि उघडल्यावर आकाशही कमी दिसतं. कापडी छताला एकच खटका. तो सोडून छत बसल्या जागेवरून एका हाताने मागे ढकललं की झालं, लाल सिग्नल पुरतो. थंडीत पायाशी हीटर आणि डोक्यावर गार हवा, यासारखं सुख नाही. जुलैच्या भर दुपारी मात्र छत बंदच बरं.

पावसाची भीती बरेच जण घालतात. जानेवारीतल्या धुवांधार पावसात मी रोज चालवली. टायर चांगले असतील आणि स्टॅबिलिटी कंट्रोल चालू असेल तर काही होत नाही. पाय मात्र हळू हवा, वळणात तर नक्कीच.

उंची हा खरा अडसर आहे. मी पाच फूट दहा इंच, छत बंद असताना डोक्यावर दोन बोटं जागा. सहा फुटांच्या वर असाल तर आधी बसून बघा, मग पुढचं बोला. गुडघे दुखणाऱ्यांना आत-बाहेर करणं त्रासाचं. आई-बाबा आले होते तेव्हा एका वेळी एकालाच नेता येई, आणि बाबांना उतरताना हात द्यावा लागे. तरी स्कायलाइनवर पुन्हा जायचा आग्रह त्यांचाच.

‘जीआर८६ का नाही?’ हे मला अजूनही विचारलं जातं. टोयोटाची ती गाडी उत्तम आहे: २२८ हॉर्सपॉवर, मागे नावापुरत्या का होईना दोन सीट, मोठी डिकी, हेल्मेट घालून नीट बसता येईल असं छप्पर. घरात एकच गाडी असेल किंवा दर महिन्याला ट्रॅकवर जाणार असाल तर तीच घ्या. पण ती दोनशे किलोंनी जड आहे, आणि भाजी आणायला निघालो तरी लांबच्या रस्त्याने जावंसं वाटणं, हे मला मिआटातच जास्त होतं.

भारतात माझ्दा गाड्या विकत नाही, म्हणून ताम्हिणीत ही कशी चालेल हे मला बघता येणार नाही, याची हळहळ वाटते. इथे घेणार असाल तर २०१९ किंवा त्यानंतरची, मॅन्युअल, शक्यतो क्लब. टेस्ट ड्राइव्ह फ्रीवेवर देऊ लागले तर नको म्हणा, वळणांचा रस्ता मागा. छताचं कापड दुमडीच्या जागी घासलंय का ते बघा, आणि टायरवर चारही कोपऱ्यांत एकाच कंपनीचं नाव आहे ना तेही.