चीनची भिंत: बादालिंग की मुतियान्यू?

बीजिंगच्या मुक्कामात भिंतीसाठी एकच दिवस काढता येणार असेल, तर प्रश्न बहुधा या दोन टप्प्यांचाच असतो. दोन्ही शहरापासून साधारण ७० किलोमीटरवर, दोन्ही मिंग काळातले आणि डागडुजी केलेले. प्रवेश तिकीटही जवळपास सारखंच, ४० युआनच्या आसपास. खरा फरक आहे तो पोचण्यात आणि गर्दीत.

बादालिंगला थेट रेल्वे जाते. बीजिंग उत्तर किंवा छिंगह स्थानकातून वेगवान गाडीने अर्धा तास धरा. मात्र बादालिंगचं स्थानक जमिनीखाली १०२ मीटर खोल आहे. सरकते जिने लांबलचक आहेत, म्हणून परतताना गाडीच्या अर्धा तास आधी तरी स्थानकात शिरा. रेल्वे आणि भिंत, दोन्हींची तिकिटं पासपोर्ट क्रमांकावर निघतात. मूळ पासपोर्ट हॉटेलात ठेवून झेरॉक्स आणली तर अडकाल. स्वस्तात जायचं तर शहरातल्या देशंगमनहून ८७७ क्रमांकाची बस आहे. तिथे 'आज बस बंद' असं सांगून गाडीत बसवू पाहणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका, थेट रांगेत उभे राहा.

बादालिंगची गर्दी मात्र दमवते. सर्वांत उंच बुरूज, उत्तरेचा आठवा, ८८८ मीटरवर आहे आणि बहुतेक लोक तिकडेच वळतात. तुम्ही दक्षिणेकडचे सात बुरूज धरा, तिथे पाय ठेवायला जागा मिळते.

मुतियान्यूला रेल्वे नाही. शहरातल्या दोंगझीमनहून ९१६ एक्सप्रेस बसने हुआइरोऊ गाव, तिथून स्थानिक बस. या बदलाबदलीत वेळ जातो, म्हणून तीन-चार जण असाल तर दिवसभरासाठी गाडीच ठरवा. एवढा खटाटोप सार्थकी लागतो. २३ बुरूज, भोवती दाट झाडी आणि तटाच्या दोन्ही अंगांना चऱ्या, म्हणजे कठड्याचे दाते, ज्या एरवी बाहेरच्याच बाजूला दिसतात.

इथे हमखास चूक होते ती तिकिटात. बंद केबिनचा रोपवे चौदाव्या बुरुजापाशी सोडतो. उघड्या खुर्च्यांचा पाळणा आणि खाली येणारी घसरगाडी सहाव्यापाशी. दोन्हींची व्यवस्था वेगळी, एकाचं परतीचं तिकीट दुसरीकडे चालत नाही. रोपवेने चढून, चौदा ते सहा चालत येऊन घसरगाडीने उतरायचं असेल तर एकेरी तिकिटं वेगवेगळी काढा. महाग पडतं, पण मुलं बरोबर असतील तर जरूर करा. पाऊस असला की घसरगाडी बंद ठेवतात. गुडघे दुखणाऱ्यांनी रोपवेनेच जावं-यावं आणि विसाव्या बुरुजाकडची उभी चढण टाळावी.

आई-वडील किंवा मुलं बरोबर असतील तर आमचं मत मुतियान्यूलाच. एकटे असाल, खर्च आवरायचा असेल किंवा हाताशी अर्धाच दिवस असेल तर बादालिंग. मेच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी मात्र १ ते ५ मे हे दिवस दोन्हीकडे टाळावेत. तेव्हा चीनमध्येही सुट्टी असते. ऑक्टोबरचा पहिला आठवडाही तसाच.