इरोदोरी: आठ-नऊ महिने वापरल्यावर

जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ हे जपानी शिकवणारं पुस्तक गेले आठ-नऊ महिने वापरतेय. टोकियोत निशिकासाईला राहते, ऑफिसचं काम इंग्रजीत भागतं. जपानी लागते ती दुकानात, दवाखान्यात आणि लिफ्टमध्ये भेटणाऱ्या आजींशी बोलायला. पुस्तकाची पीडीएफ आणि ऑडिओ दोन्ही फुकट. ‘स्टार्टर’ या पहिल्या भागात १८ धडे, पातळी ए-१, म्हणजे अगदी सुरुवातीची. पुढचे दोन भाग त्यावरच्या ए-२ पातळीचे.

क्रम मला फार आवडला. दुसऱ्याच धड्यात ‘सुमिमासेन, योकु वाकारिमासेन’ येतं, म्हणजे ‘माफ करा, नीट कळलं नाही’. नव्या माणसाला सगळ्यात जास्त लागणारं वाक्य हेच! आधी वाक्य तोंडात बसवतात, व्याकरणाची फोड मागाहून. याआधी पैसे भरून एक अ‍ॅप घेतलं होतं. त्यात सगळं रोमन लिपीत आणि वाक्यं अशी, की जन्मात कुणाला म्हणायची वेळ येऊ नये. हिरागाना ही जपानीची मूळ लिपी मात्र सुरुवातीलाच उरकून घ्या, चालढकल नको.

सगळ्यात खटकलं ते एक, आणि त्यात पुस्तकाचा दोष नाही. व्याकरणाच्या टिपा मी इंग्रजीतून वाचत होते, आणि मराठी माणसाला तो निव्वळ द्राविडी प्राणायाम आहे. ‘वाताशी वा ओच्या गा सुकी देसु’मध्ये चहाला (ओच्या) कर्त्याचा प्रत्यय ‘गा’ का लागतो, हे इंग्रजीतून समजून घेताना डोकं शिणतं. मराठीत ‘मला चहा आवडतो’. आवडतो तो चहा, कर्ता तोच. विषय संपला. क्रियापदाच्या ‘ते’ने संपणाऱ्या रूपाचंही तसंच. ‘ताबेते’ म्हणजे खाऊन. मग ‘ताबेते मिरु’ खाऊन बघणे, ‘ताबेते शिमाउ’ खाऊन टाकणे, ‘काइते ओकु’ लिहून ठेवणे. घरातून निघताना ‘इत्ते किमासु’, जाऊन येते. रूपं मात्र घोकावीच लागतात: नोमुचं (पिणे) नोंदे, काकुचं (लिहिणे) काइते, आणि इकुचं (जाणे) नियम मोडून इत्ते. माझ्या वहीत आता इंग्रजी अर्थ नाहीतच.

मराठी दगा देते तीही जागा सांगते. ‘टोकियोत राहते’ आणि ‘बँकेत काम करते’, आपल्याला दोन्हीकडे ‘त’ पुरतो. जपानीत राहण्याला ‘नि’, काम करण्याला ‘दे’. अजूनही बोलताना अडखळते.

ऑडिओ स्वच्छ आणि संथ आहे, जरा जास्तच. कोन्बिनीतला, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातला पोरगा ‘फुकुरो वा गोरियो देसु का’ (पिशवी हवी का?) एका दमात म्हणतो, आणि पुस्तकातल्या साध्या, सभ्य ‘देसु-मासु’ वाक्यांना सरावलेला कान गांगरतो. जुलै २०२० पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना पैसे पडतात, म्हणून हा प्रश्न हमखास येतो. ‘दाइजोबु देसु’ म्हटलं की पिशवी नको. पाठोपाठ बेन्तो (तयार जेवणाचा डबा) उचलून ‘आतातामेमासु का’, गरम करू का? इथे ‘ओनेगाइ शिमासु’, म्हणजे हो, कृपया. एवढ्यावर जेवण सुटतं.

जपानीच्या जेएलपीटी परीक्षेची सगळ्यात खालची पातळी, एन-५, द्यायची असेल तर नुसत्या यावर विसंबू नका. त्या परीक्षेत बोलणं तपासतच नाहीत. १८० पैकी ८० गुण लागतात, शिवाय प्रत्येक विभागाची वेगळी किमान अट. त्यासाठी कांजी (चिनी चित्राक्षरं) आणि सराव प्रश्नपत्रिका वेगळ्या कराव्या लागतील.

सध्या मोजणीशी झगडतेय, कारण वस्तूप्रमाणे एक-दोन-तीनचे शब्दच बदलतात. बाटल्या इप्पोन, निहोन, साम्बोन. पुस्तकं इस्सात्सु, निसात्सु. माणसं हितोरी, फुतारी. इथे मराठी काही कामाची नाही, मुकाट पाठ करायचं.