जुळे सोलापुरातला भाषणाचा क्लास, स्टेजची भीती असेल तर नक्की जावा

बहिणीला चार लोकांत बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडायची म्हणून इथं घातलं, सोबत मीपण बसले. सर पाठांतर बंदच करायला लावतात, फक्त सुरुवातीची दोन वाक्यं पाठ, बाकी मुद्दे चिठ्ठीवर. छाती धडधडते ती अ‍ॅड्रेनलिनमुळं (घाबरल्यावर अंगात सुटणारं हार्मोन), सगळ्यांचीच धडधडते, श्वास सावकाश सोडला की कमी होते, हे नुसतं सांगत नाहीत तर माइकसमोर उभं करून तसा सराव करून घेतात. आधी दोघातिघांसमोर मग पूर्ण बॅचसमोर, आणि कुणी अडखळलं तर हसायचं नाही हा नियम एकदम कडक, मला हेच सगळ्यात आवडलं. हॉल मात्र छोटाय अन् आपला सोलापूरचा उन्हाळा, कूलर बसवाच सर! फी थोडी जास्त वाटते पण प्रत्येकाला रोज बोलायला मिळतं, संध्याकाळची बॅच घ्या.