सोलापूरच्या अंगणासाठी अरेका पाम की फॉक्सटेल?

जुळे सोलापुरात किंवा होटगी रस्त्याच्या बाजूला नवे घर बांधून झाले की फाटकाजवळ पाम लावण्याचा विचार होतोच, आणि रोपवाटिकेत गेल्यावर बहुधा अरेका आणि फॉक्सटेल ही दोन रोपे समोर येतात. हिरव्या जाळीखाली दोन्ही सारखीच टवटवीत दिसतात. त्यांच्यातला फरक कळतो तो पहिल्या मे महिन्यात, पारा 42 अंशांच्या पुढे सरकला की.

अरेका मूळचा मादागास्करचा. त्याला मुळापासूनच अनेक पिवळसर खोडे फुटतात आणि बांबूसारखे बेट तयार होते, त्यामुळे शेजारच्या खिडकीला आडोसा करायचा असेल तर त्याच्याइतके सोयीचे झाड सापडणे कठीण. (पानांच्या पत्रावळ्या आणि द्रोण मात्र याचे नव्हेत, ते सुपारीच्या झाडाचे असतात, नावातल्या साम्यामुळे गल्लत होते.) फॉक्सटेल हा ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या केप मेलव्हिल परिसरातला, तिथे तो खडकाळ, वाळूमिश्रित जमिनीत वाढतो आणि वनस्पतिशास्त्रात त्याची रीतसर नोंद झाली ती 1983 मध्ये. त्याचे खोड एकच, सरळ आणि गुळगुळीत असते, उंची साधारण 10 मीटरपर्यंत जाते आणि पानांच्या पात्या सगळ्या बाजूंनी फुटल्यामुळे झावळी कोल्ह्याच्या झुबकेदार शेपटीसारखी दिसते.

पश्चिमेकडे तोंड असलेल्या उघड्या अंगणात अरेका लावणे म्हणजे दर उन्हाळ्यात त्याची पाने करपताना पाहणे होय. त्याला सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मानवते. फॉक्सटेल मात्र एकदा मूळ धरल्यावर दिवसभराचे ऊन सोसतो. पहिली दोन वर्षे त्याला नियमित पाणी हवे, नंतर काही दिवसांआड दिले तरी भागते.

खरी अडचण पाण्याची आहे, आणि ती केवळ प्रमाणाची नाही. बोअरच्या पाण्यात क्षार असतात आणि अरेका त्यांच्या बाबतीत फार नाजूक आहे: आधी पानांची टोके तपकिरी होतात, मग कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो, आणि मालक खत कमी पडले असे समजून आणखी खत घालतो, ज्याने क्षार वाढतातच. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी तर अरेकाला कधीच घालू नये, कारण बाष्पीभवनाने त्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी किंवा साठवलेले पावसाचे पाणी मात्र उत्तम. महिन्यातून एकदा ते भरपूर घालून खालच्या भोकातून निथळू द्यावे.

मातीच्या बाबतीत फॉक्सटेललाही सवलत नाही. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि तिच्यातल्या चुनखडीमुळे झाडाला लोह व मँगनीज नीट मिळत नाही. नवीन पान पिवळे किंवा आखडलेले निघाले तर कारण बहुधा हेच असते. त्यासाठी तीन फूट खोल खड्डा घेऊन त्यात मुरूम, तांबडी माती आणि कुजलेले शेणखत भरावे आणि रोप पावसाळ्याच्या सुरुवातीला लावावे.

वापराच्या दृष्टीने, अरेकाची पाने मांडवाच्या सजावटीत आणि पुष्पगुच्छात सहज खपतात, आणि पोर्चमध्ये मोठ्या कुंडीत तो वर्षानुवर्षे राहतो. फॉक्सटेल कुंडीत अडकल्यासारखा वाटतो. त्याला जमीन द्यावी, दोन झाडांत किमान अडीच मीटर अंतर ठेवावे आणि वर विजेची तार नाही हे आधी पाहावे, कारण या झाडाला शेंड्याचा एकच कोंब असतो आणि तो छाटला की झाड मरते. अरेकाचे एक खोड गेले तर बेटातली बाकीची उरतात.

उघड्या, तापणाऱ्या अंगणासाठी मी निःसंकोच फॉक्सटेल सुचवेन, तर सावलीचा पोर्च आणि गोड्या पाण्याची सोय असेल तर अरेका. रॉयल पामचा मोह मात्र लहान प्लॉटवर आवरावा: तो 20 मीटरच्या घरात जातो आणि त्याची वजनदार झावळी गळून खाली उभ्या गाडीवर पडली तर नुकसान होते. रोप घेताना उंचीपेक्षा मधल्या बंद पानाकडे, म्हणजे सुईकडे पाहावे. ती ताठ आणि हिरवी असेल तरच पैसे द्यावेत, हलकी ओढताच हातात आली तर कोंब आतून कुजलेला असतो.